केबिनीत कोण कुणाबरोबर

ता. ४ फेब्रुवारी

ती. वन्सं यांना सा. न. वि. वि.

नमस्कार वाकून केला आहे असं कागदावरच समजून घ्या, प्रत्यक्षात गुडघा वाकत नाही. वयानं तुम्ही माझ्याहून चार महिन्यांनी लहान, पण नवऱ्याच्या बहिणीला मान द्यायचा म्हणून पन्नास वर्षं देत आले, आता मोडवत नाही. आमचा पोस्टमन परवा म्हणाला की या गल्लीत हातानं लिहिलेलं पाकीट हल्ली फक्त तुमचंच येतं. मी त्याला सांगितलं, आमच्या वन्संनी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये दुसऱ्यांचे फोन जोडले, आणि रिटायर झाल्या त्या दिवशी ठरवलं की आता रिसीव्हर कानाला लावणार नाही. तो म्हणाला बरं झालं, आमची नोकरी टिकेल.

बातमी अशी की आमचे चिरंजीव चष्मेवाले आम्हा सगळ्यांना मे महिन्यात समुद्राच्या सफरीवर नेणार आहेत. सात दिवस. किनाऱ्यावर नव्हे, पाण्यावर, जहाजात. मला वाटलं होतं जहाज म्हणजे होडीच, जरा मोठी. तर तिला चौदा मजले, लिफ्ट, दुकानं, आणि वर पोहायचा तलाव. एवढा समुद्र असताना तलावात कशाला पोहायचं ते मी विचारलं, तर सगळे हसले. नातीचं, म्हणजे आमच्या खारूताईचं, शिक्षण यंदा संपतं. वीस वर्षांची झाली, नोकरी मिळेल तिकडे जाईल. नातू लंबू सतरा पूर्ण, उंची सहा फूट दीड इंच, मीच टेपनं मापली. सूनबाई म्हणाली आता नाही गेलो तर पुन्हा पाचही जणं एका वेळी मिळायची नाहीत. ती बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावते हे तुम्हाला माहीतच आहे. तिनं एकदा म्हटलं की गाडी सुटली असंच समजायचं.

पण अडलं आहे ते केबिनीवर. जहाजातल्या खोलीला केबिन म्हणायचं. एक आतली असते, तिला खिडकीच नाही. एक खिडकीची, आणि एक बाल्कनीची. काही जोडीनं असतात, मध्ये दार. एका केबिनीत चारांच्या वर माणसं घेत नाहीत आणि आम्ही पाच. पोरं लहान असती तर आईबापाच्या पायाशी कुठेही मावली असती. आता खारूताई म्हणते ती बाबांच्या घोरण्यात झोपणार नाही, लंबू म्हणतो तो ताईबरोबर राहणार नाही कारण ती न्हाणीघरात शिरली की बाहेर येत नाही, आणि चिरंजीव म्हणतात पैसे मी भरतोय तर झोपणार कुठे तेही मी सांगणार. तीन दिवस जेवताना हेच. शेवटी मी उठले. म्हटलं कापड कापायच्या आधी बेतून बघतात की नाही, मग केबिन का नको बेतायला?

पुस्तिकेत मापं छापलेली होती. रविवारी पुढच्या खोलीतल्या खुर्च्या मागे सारल्या आणि शिवणकामाचा खडू घेऊन फरशीवर केबिन काढली. दोन पलंग, सोफा उघडून तिसरा, कपाट, न्हाणीघर, दार. मी, खारूताई आणि लंबू, तिघांना आत बसवलं. रेघ ओलांडायची नाही, बाहेर जायचं तर दारातूनच. सूनबाई घड्याळ घेऊन उभी राहिली. खारूताई न्हाणीघरात एकेचाळीस मिनिटं होती, म्हणजे खडूच्या चौकोनात नुसती बसून होती, तरी तिला तेवढी लागली. लंबूचे पाय सोफ्याच्या बाहेर कपाटात गेले. पण दोन तास झाले तरी तिघं एकमेकांशी बोलत होतो, म्हणून चिरंजीवांनी निकाल दिला की आम्ही तिघं एका केबिनीत आणि ते दोघं शेजारच्या बाल्कनीच्या केबिनीत. झालं, मिटलं, सगळे आपापल्या फोनात गेले.

आता पुढचं तुमच्यापुरतं. सोमवारी सगळे कामाला गेले. केबिन अजून फरशीवर होती, पुसायची राहिली होती. मी आपली सतरंजी घेतली आणि रेघेच्या आत, दाराकडून रीतसर शिरून, आडवी झाले. अकरा ते एक. तुम्ही म्हणाल दिवसभर घरात तू एकटीच तर असतेस. असते, पण ते घर सगळ्यांचं असतं. डबे धुवायचे, दूध यायचं, कुणीतरी चार वाजता दार वाजवणार. खडूच्या आत मात्र कुणाचं काही नव्हतं.

मी पडल्यापडल्या मोजलं. माहेरी एका खोलीत आम्ही सात भावंडं. लग्न होऊन आले तर आतल्या खोलीला पडदा, पडद्याच्या अलीकडे आम्ही दोघं आणि पलीकडे सासूबाई आणि तुम्ही. मग मूल. मग शिलाईची दोन मशीनं माझ्याच खोलीत. हे गेले त्या आठवड्यात खारूताईनं गादी माझ्याकडे आणली, ती नऊ वर्षं तिथेच आहे, आणि लंबूचं कॉम्प्युटरचं टेबल माझ्या खोलीत आलं कारण प्लग तिथेच आहे. एकाहत्तर वर्षांत मी एकटी एका खोलीत एकदाही झोपलेली नाही. वन्सं, मला त्या जहाजात एक केबिन एकटीला हवी आहे. सात दिवस. कुणाला बोलले नाही. ऐकणाऱ्याला वाटेल म्हातारीचं काहीतरी बिनसलं.

तुम्ही तीस वर्षं एकट्या राहता, म्हणून विचारते. एकटं असलं की माणूस नेमकं काय करतं?

ऱ्हस्वदीर्घ नेहमीसारखं तुम्हीच लावून घ्या, माझी शाळा चौथीला सुटली. लोभ आहे तेवढाच ठेवा, वाढवलात तर फेडायची पंचाईत.

आपली,
वहिनी


ता. १३ फेब्रुवारी

प्रिय वहिनीस, स. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाच पानं आणि एकही पूर्णविराम जागेवर नाही. वाचताना दम लागला, पण लागला तो बरा लागला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पहिला आठवडा माणूस कुणी न विचारलेल्या गोष्टींची उत्तरं देतं. चहा ठेवू का, दिवा घालवू का, असं चालू राहतं. दुसऱ्या आठवड्यात गप्प बसतं. नंतर काहीच करत नाही, आणि तेच चांगलं असतं. तू सातच दिवस जाणार, तेव्हा तुला गप्प बसायलाही वेळ मिळायचा नाही. तरी जा.

तो पडदा मला चांगला आठवतो. तूच शिवला होतास, अस्तर लावून, आवाज येऊ नये म्हणून. मला सगळं ऐकू यायचं. मी फोन जोडणारी बाई, ऐकून न ऐकल्यासारखं करणं हा माझा धंदाच होता, म्हणून चार वर्षं निभावलं. तेव्हा मीही एकटीची खोली मागितली असती, पण मागायची कुणाकडे? घरात खोल्याच दोन होत्या. तुमच्याकडे आता केबिनी आहेत. फरक एवढाच.

मला सांगून उपयोग नाही, मी तिकिटं काढत नाही. चिरंजीवांना सांग. जेवताना सांग, तोंडात घास असला की माणूस लगेच नाही म्हणू शकत नाही.

तब्येत ठीक. दात एक कमी झाला.

तुझी,
वन्सं


ता. ८ मार्च

ती. वन्सं यांना सा. न. वि. वि.

दाताचं वाचून वाईट वाटलं. कुठला ते लिहिलं नाहीत. पुढचा असेल तर हसताना हात धरा, मागचा असेल तर सोडून द्या.

इकडे माझीच फजिती झाली. सूनबाईनं तिकीट काढून देणाऱ्या बाईकडून केबिनीचा नकाशा मागवला आणि फरशीवर टेप धरला, तर माझी केबिन चारी बाजूंनी वीतभर जास्त! मी म्हटलं शक्य नाही, चाळीस वर्षांत माझं माप चुकलेलं नाही. मग लक्षात आलं. कापड कापताना कडेनं शिलाईला माया सोडायची, नाहीतर कपडा अंगात जात नाही. हात आपोआप सोडतो. जहाज बांधणाऱ्यांनी सोडली नव्हती. मी तर पलंगांनाही सोडली होती, कपाटालाही. सूनबाई हसली नाही, पण तिनं खाली बघून टेप गुंडाळला, तो नको इतका हळू गुंडाळला. खरं माप पुन्हा काढलं तर सोफा उघडल्यावर न्हाणीघराचं दार उघडेना. म्हणजे तिघं एकत्र हा बेत बाद.

आता तीन केबिनी घ्यायच्या ठरल्या. एकीत चिरंजीव आणि सूनबाई. राहिलो आम्ही तिघं, म्हणजे एकाला एकटं राहणं आलं. मला इथे आशा वाटली, खोटं कशाला बोलू. त्या जहाजाचा नियम असा की अठराच्या आतल्याला एकट्यानं केबिन देत नाहीत. म्हणजे लंबू गेला. आणि एकट्या माणसालाही भाडं दोघांचंच द्यावं लागतं. आत किती माणसं आहेत याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. राहिलो खारूताई आणि मी. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, मुलगी मोठी झाली, तिला स्वतंत्र हवीच, आणि आईला लंबूची सोबत. खारूताईनं उडीच मारली. लंबू म्हणाला तो माझी नीट काळजी घेईल, जहाज हललं तर हात धरेल. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. माझ्याकडे बघून विचारलं कसं काय. मी म्हटलं छान.

तोंडातून छान गेलं, वन्सं, आणि मग काही केल्या परत येईना.

मग आडून आडून प्रयत्न केले. लंबूला सांगितलं मी घोरते. तो म्हणाला त्याच्या कानात रात्रभर गाणीच असतात. सांगितलं मी झोपेत बडबडते. तो म्हणाला मस्त, रेकॉर्ड करतो. सांगितलं मला पहाटे चारला जाग येते आणि मी दिवा लावते. तो म्हणाला त्याला उठवायचं, मग दोघं मिळून वर जाऊन सूर्य उगवताना बघू. इतकं गुणी पोर आहे की त्याला टाळायला जागाच नाही.

तिकिटांचे पैसे एकतीस तारखेपर्यंत भरायचे आहेत. त्यानंतर केबिनी बदलता येत नाहीत. तेव्हा माझं हे खूळ तेवढ्यापुरतंच होतं असं समजा. चिंता नको.

आहे तो लोभ असू द्या, नवीन नको.

आपली,
वहिनी


ता. १४ मार्च

प्रिय वहिनीस, स. न. वि. वि.

तुझा प्रश्न मी सोडवला आहे. मी पण येते.

सहा माणसं झाली की जोड्या सरळ लागतात. चिरंजीव आणि सूनबाई, खारूताई आणि लंबू, तू आणि मी. पोरं कुरकुर करतील, पण भावंडं आहेत, आणि दोन दिवसांनी केबिनीत फक्त ओले टॉवेल टाकायला येतील. एकट्याला दोघांचं भाडं हा अन्यायही टळेल. माझा खर्च मी देईन. मोठी पिशवी माळ्यावरून काढून झटकून ठेवली आहे. कपडे फार आणणार नाही.

आपण दोघी मध्ये पडदा न लावता झोपू.

तू नाही म्हणणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तू कुणालाच म्हटलेलं नाहीस.

तिकीटवाल्या बाईला माझं नाव लगेच कळव.

तुझी,
वन्सं


ता. १९ मार्च

ती. वन्सं यांना सा. न. वि. वि.

हे पाचवं पत्र आहे. आधीची चार फाडली. पहिल्यात मी आनंदानं या असं लिहिलं होतं. दुसऱ्यात तुमच्या रक्तदाबाची काळजी केली होती. तिसऱ्यात जहाजात जागा शिल्लक नाही असं खोटं लिहिलं. चौथ्यात काय लिहिलं ते तुम्हाला सांगत नाही.

माझ्या केबिनीत येऊ नका.

तुमचा राग नाही. तुमच्यासारखं माणूस मला दुसरं नाही, आणि पडदा न लावता तुमच्याशी बोलत पडायला मला आवडेल. पण या सात दिवसांत नाही. मला त्या खोलीत कुणीच नको आहे. लंबू नको, खारूताई नको, तुम्ही नको, आणि हे असते तर त्यांनाही नको म्हटलं असतं. मला काही होत नाहीये, मी आजारी नाही, कुणी मला दुखावलेलं नाही. मला नुसतं एकटीनं एका खोलीत राहून बघायचं आहे, आणि हे बघायचं राहिलं तर मला चुटपुट लागेल. दुसरं कारण नाही. असतं तर सांगणं सोपं गेलं असतं.

तुम्हाला वेगळी केबिन घेऊन यायचं असलं तर जरूर या, पोरं खूश होतील. नाहीतर सफरीहून आले की मी तुमच्याकडे पंधरा दिवस राहायला येते, तेव्हा तुम्ही म्हणाल तिथे झोपेन.

हे लिहिताना पंखा फुल्ल होता तरी घाम फुटला. रागावलात तरी पत्र लिहा. गप्प बसलात तर मला कळणार नाही रागावलात की टपाल अडकलं.

आपली,
वहिनी


ता. २३ मार्च

प्रिय वहिनीस,

पिशवी माळ्यावर परत ठेवली.

आलेलं पत्र सोबत परत पाठवते आहे. वरचं माझं नाव खोडून हेच चिरंजीवांना वाचून दाखव. एक शब्द बदलू नकोस. बदललास की पुन्हा छान म्हणशील.

आज स्वतः पोस्टात जाऊन जलद टपालानं टाकते, म्हणजे एकतीसच्या आत पोचेल.

वन्सं


ता. १७ मे, जहाजावरून

ती. वन्सं यांना सा. न. वि. वि.

हे पत्र उद्या बंदरात उतरल्यावर टाकीन, तेव्हा तुमच्या हातात पडेपर्यंत मी बहुतेक तुमच्या दारात उभी असेन. तरी लिहिते, कारण समोर बसून हे मला सांगता येणार नाही. पोरांच्या परीक्षेच्या गडबडीत सविस्तर लिहायचं राहिलं, कार्डावर फक्त झालं एवढं कळवलं होतं.

सत्तावीस तारखेला जेवताना वाचलं. वन्सं हा शब्द खोडला होता तरी वाचताना तोंडात आला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चिरंजीवांनी चष्मा काढून पुसला, तो स्वच्छच होता. म्हणाले आई, घरात तुला काही कमी आहे का? मी म्हटलं कमी काही नाही रे, जास्त आहे. सूनबाई उठली आणि तिकीटवाल्या बाईला फोन लावला. गाडी सुटली.

खारूताई मात्र बिथरली. तिचा हक्कच गेला ना. ती म्हणाली नऊ वर्षं ती माझ्यासाठी माझ्या खोलीत झोपली, आजोबा गेल्यावर आजीला एकटं वाटू नये म्हणून, मैत्रिणींना स्वतःच्या खोल्या होत्या तरी कधी बोलली नाही, आणि आता मलाच एकटीला खोली हवी! मी बघतच राहिले. मला वाटत होतं अकरा वर्षांची पोर आजोबांसाठी रडते, तिला जवळ कुणी हवं, म्हणून मी तिला कधी पुढच्या खोलीत झोप म्हटलं नाही. नऊ वर्षं आम्ही एकमेकींना सोबत करत होतो आणि सोबत दोघींनाही नको होती. मी हे तिला सांगितलं. तिला हसू आलं नाही. दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी गादी उचलून तिनं पुढच्या खोलीत नेली. मीही अडवलं नाही. मग तिनं अटी घातल्या. ती आणि लंबू एका केबिनीत, पण केबिन खिडकीची, खिडकीकडचा पलंग तिचा, न्हाणीघर सकाळी आधी तिला, आणि आईबाबांच्या केबिनीकडे उघडणाऱ्या मधल्या दाराची एक कडी पोरांच्या बाजूनं हवी. सगळं मान्य झालं. लंबू पलंगावर कोनातून कोनात झोपतो. दोघं भांडतात, पण जेवायला एकत्र येतात आणि कुजबुजत हसतात. आमच्यापैकी कुणावर हसतात ते कळत नाही.

माझी केबिन आतली घेतली, बिनखिडकीची. सगळ्यांनी समजावलं की समुद्रावर जाऊन समुद्र दिसणार नाही. मी म्हटलं समुद्र बघायला वर जाईन, सगळा वरच आहे. खरं कारण तुम्हाला सांगते. खिडकी असती तर जो तो समुद्र बघायला माझ्याकडे येऊन बसला असता.

केबिन लहानच आहे. पलंग, खुर्ची, आरसा, भिंतीत बसवलेलं कपाट. सफाईवाली पोरगी रोज टॉवेलाचा कुठलातरी प्राणी करून ठेवते. परवा ससा होता, काल कुत्रा असावा. शिवण कुठेच नाही, नुसत्या घड्या, पण हात सफाईदार आहे. पहिले दोन दिवस मी, चहा ठेवू का, असं भिंतीला विचारलं, तुम्ही लिहिलं होतं तसंच. सकाळी सगळ्यांबरोबर असते, तलावाकाठी खुर्चीत बसते, लंबू हात धरून जिने चढवतो आणि मी धरू देते. दुपारी जेवण झालं की मी माझ्या केबिनीत जाते. सूनबाईनं सगळ्यांचं वेळापत्रक केलं आहे, त्यात माझ्या दुपारच्या रकान्यात तिनं काहीच लिहिलं नाही. रकाना ठेवला आहे, पण कोरा.

तुम्ही खरंच यायला निघाला होतात की मला शिकवायला तसं लिहिलंत, हे मी विचारणार नाही. पंधरा दिवस राहायला येतेय, तेव्हा बघून घेऊ कोण कुठे झोपतं ते.

आजची गोष्ट लिहून संपवते. इथे दाराच्या मुठीला अडकवायची एक पाटी मिळते. ती बाहेर लावली की कुणी दार वाजवायचं नाही असा रिवाज आहे. मी पाच दिवस लावली नव्हती. आपल्याच माणसांना पाटी दाखवायची, मन होईना. आज दुपारी लावली. तीन वाजले असतील, बाहेर पावलं वाजली. चिरंजीवांचीच, चाल ओळखते मी. वर काही कार्यक्रम होता, त्याला बोलवायला आले असणार. दारापाशी थांबले. बराच वेळ थांबले. पाटी वाचायला एवढा वेळ लागत नाही, चष्मेवाला माणूस आहे. मग पावलं हळूहळू परत गेली, मी झोपले असेन असं वाटून, पाय न वाजवता.

आत मी जागीच होते, वन्सं. खुर्चीत बसले होते. काही करत नव्हते.

भेटीअंती लोभ ठरवू.

आपली,
वहिनी